डस्ट कलेक्टरचे वॉट नंतर बघा, मागून काय बाहेर येतंय ते आधी बघा

हल्ली कोथरूडपासून वाकडपर्यंत प्रत्येक सोसायटीत एक तरी मुलगी बेडरूमच्या कोपऱ्यात टेबल टाकून नेल एक्स्टेंशन, म्हणजे जेल किंवा ऍक्रिलिकची लांब नखं लावून द्यायचं काम, करतेय, आणि नखं घासताना उडणारी धूळ ओढून घेणारं मशीन, म्हणजे डस्ट कलेक्टर, घ्यायला कोणी निघालं की पहिला प्रश्न हाच, किती वॉटचा घेऊ, चाळीसचा का ऐंशीचा. वॉट म्हणजे मोटर वीज किती खाते ते, धूळ किती पकडली जाते ते नाही. ऐंशी वॉटचा पंखा पातळ कापडी पिशवीत हवा ढकलत असेल तर तो धूळ पुढून ओढून मागून तुमच्याच तोंडावर सोडतो, आणि मशीन चालू आहे म्हणून तुम्ही मास्कही लावत नाही.

टेबलावर जो पांढरा थर दिसतो ना, ती जाड धूळ, ती बिचारी खाली बसते, पुसली की गेली. त्रास बारीक धुळीचा, ती दिसत नाही, हवेत तरंगत राहते आणि श्वासातून आत खोलवर जाते. शिवाय जेल आणि ऍक्रिलिक दोन्हींत ऍक्रिलेट घराण्यातली रसायनं असतात आणि लॅम्पखाली नीट क्युअर न झालेल्या, म्हणजे पुरतं कडक न झालेल्या, जेलची धूळ हातावर, मानेवर बसली की ऍलर्जी होऊ शकते. बोटांच्या टोकांना खाज, भेगा, कधीकधी पापण्या सुजतात, आणि बाई म्हणते काजळ सोसलं नाही. एकदा ही ऍलर्जी जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि दातांच्या सिमेंटमध्येही याच जातीची रसायनं असतात म्हणून डेंटिस्टलाही सांगून ठेवावं लागतं. त्यामुळे पहिली सवय ही की फाईल (नखं घासायची कानस) लावायच्या आधी वरचा चिकट थर क्लीन्सरने पुसून घ्या. चिकट धूळ अंगालाही वाईट आणि फिल्टरलाही, जाळीत गोंदासारखी बसते ती.

आता मशीन. हजार-दोन हजारात जे मिळतं ते बहुतेक पिशवीवालं, वर दोन-तीन पंखे, हात ठेवायला जागा आणि मागे पांढरी पिशवी. कधीमधी घरच्या घरी स्वतःची नखं करणाऱ्यांना चालेल, पण रोज क्लायंट घेत असाल तर घडीचा फिल्टर असलेलं घ्या, वह्यांची पानं चुरमडून बसवल्यासारखा दिसतो तो. त्यावर हेपा लिहिलंय का बघा, आणि हेपा लिहिलं म्हणजे हेपा असतंच असं नाही. खरा हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण निदान ९९.९७ टक्के अडवणारा, 'हेपा टाईप' किंवा 'हेपा लाईक' हे नुसते शब्द आहेत. फिल्टर खोबणीत घट्ट बसतोय का, कडेला रबर किंवा फोमची पट्टी आहे का तेही बोटाने चाचपून बघा, कारण हवा आळशी असते, फट मिळाली की फिल्टरमधून जायचे कष्ट घेत नाही. टेबलात बसवलेलं मशीन सगळ्यात बरं पण भाड्याच्या जागेत टेबल कापत बसण्यात अर्थ नाही, जागा बदलली की सगळं गेलं.

रविवार पेठेत होलसेलमध्ये घ्या नाहीतर ऑनलाईन, एक प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका: याचा फिल्टर सुटा मिळतो का आणि कितीला? दुकानदार विषय बदलून रंग दाखवायला लागला की समजायचं. गुलाबी मशीन छान दिसतं, पण फिल्टर नाही मिळाला तर काही महिन्यांत ते टेबलावरचं शोपीस होतं. अमेरिकेतल्या मावशीने बॅगेत घालून आणलेलं मशीन असेल (पुण्यात ही शक्यता दाट) तर अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते आधी वाचा, नुसतं १२० असेल तर आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये घातल्या घातल्या धूर निघेल.

घरी आणलं की उदबत्ती टेस्ट करा. टेबलावरच्या ऍसिटोन, सॅनिटायझरच्या बाटल्या सगळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या, हे आधी, कारण ऍसिटोन भसकन पेट घेतं. मग मशीन चालू करायचं आणि क्लायंटचं बोट जिथे येणार तिथे पेटती उदबत्ती धरायची. धूर सरळ आत वाकला तर ठीक, वर आढ्याकडे गेला तर धूळही तिकडेच जाणार. आता उदबत्ती हळूहळू लांब न्या, बघा किती लवकर ओढ संपते. पंख्याचं तोंड जेवढं रुंद तेवढं अंतर तुम्ही लांब गेलात तर हवेचा वेग साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून महागडं मशीन अर्धा हात लांब ठेवण्यापेक्षा साधं मशीन बोटांच्या अगदी खाली ठेवलेलं बरं, मनगट मशीनच्या कडेवर आणि बोटं जाळीच्या वर. दुसरी टेस्ट मागच्या बाजूची. हवा बाहेर पडते तिथे ओलसर काळा कपडा लावा आणि एक पूर्ण सेट फाईल करा, कपड्यावर पांढरं दिसलं तर फिल्टर गळतोय किंवा नीट बसलेला नाही.

आणि प्लीज सीलिंग फॅन बंद करा. एप्रिल-मेमध्ये जिवावर येतं हे मान्य, पण वरून वारा आला की खालचं मशीन काहीच ओढू शकत नाही. एसी चालेल, फक्त झोत टेबलावर नको, आणि स्प्लिट एसी तीच खोलीतली हवा गार करून फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही, त्यामुळे अधूनमधून खिडकी उघडायची किंवा एक्झॉस्ट फॅन बसवायचा. वास हा तर वेगळाच विषय. हेपा धूळ अडवतो, ऍसिटोन किंवा मोनोमरची (ऍक्रिलिक पावडरीत मिसळायच्या द्रवाची) वाफ त्यातून आरामात निघून जाते. वाफेसाठी ऍक्टिव्हेटेड कार्बनचा थर लागतो, तोही भरला की काम थांबवतो आणि वरून बघून कळत नाही, वास परत यायला लागला की बदला, धुवून काही उपयोग नाही. मास्कचंही तेच, एन९५ धुळीला चालतो, वाफेला नाही, आणि कडेने सैल असलेला निळा सर्जिकल मास्क बारीक धुळीला पुरत नाही. मशीन आहे म्हणून मास्क काढायचा नाही, दोन्ही पाहिजेत.

नखं घासायच्या ड्रिलची बिट, म्हणजे पुढचं फिरतं टोक, ज्या दिशेला फिरते त्या दिशेला धूळ उडते, तेव्हा एकदा नीट बघून घ्या तुमची धूळ जाळीकडे जातेय का तुमच्या छातीकडे, फॉरवर्ड-रिव्हर्स बटण त्यासाठीही कामाला येतं, डावखुऱ्या मुलींना तर नक्कीच. खडे, फॉईल लावताना मात्र मशीन बंद. लग्नसराईत ब्रायडल सेट करताना एकेक खडा आत गेला की पैसेही गेले आणि पात्याचा खडखडाटही सुरू.

आता साफसफाई, इथेच बहुतेकींचं मशीन मरतं. रोज काम संपलं की वरची जाळी ओल्या कपड्याने पुसा, कोरडं झटकू नका, झटकलं की दिवसभर पकडलेली धूळ परत खोलीत. फिल्टरसाठी एक मोठी प्लास्टिकची पिशवी घ्या, फिल्टर त्यात घालून पिशवीचं तोंड मुठीत धरा आणि आतल्या आत हळू टपटप करा, मास्क आणि ग्लोव्हज घालून, शक्यतो गॅलरीत. घड्यांमध्ये अडकलेलं मऊ ब्रशने काढा, जुना फाउंडेशन ब्रश चालतो. हेअर ड्रायर नको, कॉम्प्रेसर नको, तोंडाने फुंकर तर अजिबात नको, आणि घरच्या साध्या व्हॅक्यूमने ओढलं तर बारीक धूळ त्याच्या मागून बाहेर येते. हे सगळं करायला गुरुवार बरा, पुण्यात देखभालीसाठी लाईट बहुधा गुरुवारीच घालवतात, आणि लाईट गेली की तसंही काम बंदच असतं, तरी प्लग काढायचाच, मध्येच लाईट आली तर बोटं पंख्यात.

फिल्टर धुवायचा का? कंपनीने धुवा लिहिलं असेल तरच. कागदी फिल्टर एकदा भिजला की संपला, वाळल्यावर दिसतो नव्यासारखा पण धूळ अडवत नाही. धुता येणारा असेल तरी जुलै-ऑगस्टमध्ये सांभाळून, पुण्याच्या त्या भुरभुर पावसात दोन-दोन दिवस काही वाळत नाही, आणि ओलसर फिल्टर परत बसवला की कुबट वास आणि बुरशी. परवडत असेल तर दोन फिल्टर ठेवा, एक वाळतोय तोवर दुसरा.

आवाज वाढला की लगेच मोटर गेली समजू नका, बऱ्याचदा पात्यांवर धूळ आणि क्युटिकल ऑईलचा लेप बसून पंखा एका बाजूला जड झालेला असतो. प्लग काढून, कव्हरचे स्क्रू काढून पाती किंचित ओल्या कपड्याने पुसा, मोटरवर पाणी किंवा स्प्रे मारू नका. ऍसिटोनने तर मुळीच पुसू नका, बॉडीचं प्लास्टिक विरघळतं आणि ठिणगी उडाली तर आगीचा धोका वेगळा. ऑईल, सॅनिटायझर हे सगळं मशीन बंद करून बाजूला सरकवल्यावरच. पाती स्वच्छ, फिल्टर साफ केलेला आणि तरी टिश्यूचा तुकडा जाळीला चिकटून राहत नसेल तर फिल्टर बदलायची वेळ झाली, तारीख बघत बसू नका. नव्या फिल्टरनेही ओढ येत नसेल तर मग मोटर, ती तापकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रिकल सामानाच्या बाजारात, दाखवून बघा, स्वस्त मशीनला मात्र दुरुस्तीचे पैसे घालण्यापेक्षा नवीन परवडतं.

साठलेली धूळ उघडी डस्टबिनमध्ये ओतू नका. त्याच प्लास्टिकच्या पिशवीला घट्ट गाठ मारा, वर अजून एक पिशवी, आणि सुक्या कचऱ्यात द्या, देताना कचरा घेणाऱ्या ताईंना सांगा की ही पिशवी फोडू नका, आत नखांची पावडर आहे.