गाय बरी आहे का? घास मोजा

गाय दुखतंय म्हणून सांगत नाही. दूध आटलं की मग आपण डॉक्टरांना फोन लावतो. त्याआधी कळावं म्हणून ही दहा मिनिटांची युक्ती.

1. वैरण टाकून दोनेक तास झाले की गोठ्यात न शिरता बाहेरूनच बघा. माणूस दिसला की गाय उठते, रवंथ थांबवते आणि सगळा अंदाज चुकतो.

2. बसलेल्या गायींपैकी निम्म्या तरी रवंथ करत असाव्यात. एकेकीचा घास मोजा: पोटातून घास वर आला की मोजणी सुरू, गिळला की बंद. साधारण 50 ते 70 वेळा चावणं ठीक. चाळिशीच्या खाली जाऊ लागलं तर वैरणीत, पोटात किंवा पायात काहीतरी बिनसलंय. प्रत्येकीचा नेहमीचा आकडा गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा, तुलना तिची तिच्याशीच करायची.

3. कान सैल आणि डोळे अर्धवट मिटलेले म्हणजे निवांत. दात करकरा खाणं, पाठीला पोक, मागचा पाय सारखा उचलणं ही दुखण्याची खूण.

4. गाय बसायचं टाळत असेल तर तिच्या जागेवर स्वतः धपकन गुडघे टेकून बघा. गुडघा दुखला किंवा ओला झाला, की कारण सापडलंच. (लुंगी जुनी नेसा.)

माजावर किंवा विण्याच्या बेतात असलेली गाय रवंथ कमीच करते, तेव्हा घाबरू नका. पण डावी कूस फुगलेली दिसली तर मोजत बसू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.