या चुका टाळा: दिव्यांग मुलाच्या पालकांची पाठ, झोप आणि सुट्टी

“स्वतःची काळजी घ्या” म्हणणारे ढिगानं भेटतात. कशी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ध्यान करा, छंद जोपासा. पहाटे चारला मुलाची कूस बदलणाऱ्या बाईला छंद काय सांगायचा? सुरुवात न्हाणीपासून करायची.

वजन वाढलं, उचलणं तेच

सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूला इजा झाल्यानं स्नायूंवर नीट ताबा नसलेलं) मूल लहानपणी १०-१२ किलोचं असतं, पुढं २५ किलोच्या घरात जातं. आई मात्र तशीच उचलते, कमरेतून वाकून, काखेत हात घालून. पेठेतल्या जुन्या घरात न्हाणी एक पायरी खाली, शहाबादी ओली, मूल पाटावर, अंगाला साबण. त्याला वर ओढायचं आणि त्याच दमात दाराकडं वळायचं. वाकणं, वजन आणि पीळ एकदम आला की मणक्यातल्या गादीवर सगळा भार येतो. आधी उसण भरते. पट्टा बांधून, गोळी घेऊन पंधरा दिवस रेटतात. मग कळ पायात उतरते, डॉक्टर वजन उचलायला बंदी घालतात, आणि त्या दिवशी घरात कळतं की पोराला अंघोळ घालायला दुसरं कुणी शिकलेलंच नाही.

पाट काढून टाका. पाठ टेकेल अशी, छातीला आणि कमरेला पट्टे असलेली अंघोळीची खुर्ची घ्या. खाली रबरी मॅट, पाण्याची बादली स्टुलावर आणि तुम्हीही स्टुलावर. उचलण्याआधी अंग कोरडं करा; ओलं अंग हातातून निसटतं.

पलंगावरून व्हीलचेअरमध्ये घेताना खुर्ची पलंगाला तिरकी लावा, दोन्ही ब्रेक लावा, पायठेवणी वर करा. मुलाला कडेला सरकवून पाय जमिनीला टेकवा. तुमचे पाय फाकवलेले, एक पुढं, गुडघे वाकलेले, मूल छातीशी. वळायचं ते पावलं टाकून. तालमीतला वस्तादही आधी पायच रोवायला लावतो. मुलाला हाताला धरून ओढू नका, त्याचा खांदा निखळू शकतो. २० किलोच्या पुढं एकट्यानं उचलायचं नाही, हा आमचा नियम. “पटकन उचलते” म्हणणाऱ्यांचीच कंबर आधी जाते.

तुमचे पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठा. शेक घेत बसू नका.

“मलाच जमतं”

हे कौतुकानं सांगतात, आणि तिथंच अडकतात. वर्षानुवर्षं कुणाच्या लग्नाला जाणं नाही, स्वतःचा दात किडला तरी दवाखाना नाही. मग कधीतरी सासूबाईंवर एकदम चार तास सोपवतात, घोळ होतो, आणि “बघा, म्हटलं नव्हतं?”

सोपवणं हप्त्याहप्त्यानं होतं. पहिला आठवडा मावशी किंवा आत्या नुसती बघेल. दुसऱ्यात ती करेल, तुम्ही बघाल. तिसऱ्यात तुम्ही वीस मिनिटं घराबाहेर. मग रंकाळा तलावावर तासभर. फोन हातात धरून दाराबाहेर उभं राहिलं तर ती सुट्टी धरू नका.

फ्रीजवर एक कागद लावा: औषधाचं नाव, किती मिली, किती वाजता. भरवताना मूल ताठ बसलेलं, जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. झटका (फिट) आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेला तर दवाखाना. कांदा-चप्पल हुंगवू नका, हेही मोठ्या अक्षरात लिहा. आजीला सांगावं लागतं.

बाकीच्या चुका

रात्री दोघांनीही प्रत्येक हाकेला उठणं. पाळ्या लावा, दहा ते तीन आणि तीन ते आठ. ज्याची पाळी नाही त्यानं दुसऱ्या खोलीत झोपावं.

मुलाचं औषध मिनिटावर, स्वतःची बीपीची गोळी विसरलेली. दोन्ही एकाच डब्यात नकोत, पण गजर एकच ठेवा.

‘निरामय’ या दिव्यांगांच्या सरकारी आरोग्य विम्याचं नूतनीकरण दरवर्षी असतं. शेवटच्या आठवड्यात पळापळ करू नका. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आधार, फोटो यांच्या पाच-पाच प्रती एका फाइलीत ठेवा.

रडू रोज येत असेल, झोप उडाली असेल, मुलावर हात उगारला जात असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.