ज्यू खेड्यातलं घर रंगमंचावर उभं करताना

सांगलीच्या गावभागातल्या एका वाड्याच्या सोप्यात आमची हौशी मंडळी तालमी करतात. पूर्व युरोपातल्या जुन्या ज्यू बाजारगावावरचं नाटक पहिल्यांदा बसवलं, तेव्हा मी सगळ्या बायकांना डोक्यावर पदर देऊन, माना खाली घालून मागे उभं केलं. चुकलंच ते. आता आमची नवी मुलं तेच नाटक पुन्हा घेतायत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी किल्ल्या कोणाच्या कमरेला आणि ग्रंथ कोणाच्या हातात, ते ठरवा. तिथे पुरुषाची खरी प्रतिष्ठा धर्मग्रंथांच्या अभ्यासात. त्यामुळे कित्येक घरांत बाजारात गाळा मांडणारी, आसपासच्या शेतकऱ्यांशी त्यांच्या भाषेत घासाघीस करणारी आईच असायची. किल्ल्या तिच्याकडे. पण म्हणून प्रत्येक पुरुषाला पंडित करू नका. बहुतेक जण शिंपी, चांभार, गाडीवान, पाणी वाहणारे. दिवसभर घोडा हाकून आलेला माणूस डोळे चोळत ग्रंथाचं एक पान वाचतोय, एवढं दाखवलं तरी पुरे.

जावयाचं काम करणाऱ्या नटाला वेगळं बसवून सांगा. आपल्याकडे घरजावई म्हटलं की नट आपोआप खांदे पाडतो. तिथे ऐपतदार सासरा जावयाला काही वर्षं घरी ठेवून जेवू घालायचा, त्याचा अभ्यास चालू राहावा म्हणून. याला ‘केस्ट’ म्हणत, आणि त्यात दोन्ही घरांचा मान होता. जावई ताठ बसला पाहिजे.

नाटकाचा जीव शुक्रवारच्या संध्याकाळी आहे. सूर्य मावळायच्या साधारण १८ मिनिटं आधी आई मेणबत्त्या लावते, निदान दोन. एरवी आधी आशीर्वचन म्हणायचं आणि मग कृती करायची, इथे उलट. आधी ज्योत लावायची, हात तीनदा ज्योतीवरून स्वतःकडे घ्यायचे, तळव्यांनी डोळे झाकायचे आणि मग आशीर्वचन. ते म्हटलं की तिचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू झाला, आणि शब्बाथात विस्तव पेटवायचा नसतो. आमची मुलगी सवयीने आरती घेतल्यासारखे हात डोळ्यांना लावून लगेच काढायची. पंधरा वेळा करून घेतलं, जमेना. त्या झाकलेल्या डोळ्यांमागे बायका घरच्यांसाठी मागणं मागतात, हे सांगितलं आणि म्हटलं, तुझ्या घरातलं एक नाव मनात घे. हात थांबले. सोप्यात कोणी हललं नाही.

मग बाप जेवणाच्या मेजापाशी बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायातल्या कर्तबगार स्त्रीच्या ओळी गातो. त्यातली बाई शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रं विणून विकते. इथे आईने लाजायचं नाही, तिच्याच कष्टांची ती नोंद आहे.

पण तिला मर्यादाही होत्या, त्या झाकू नका. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, बाई त्यात मोजली जात नाही. सभास्थानात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, बायका आडोशामागे किंवा वरच्या सज्जात. हा प्रवेश मी आडोशाच्या बायकांच्या बाजूने लावते: पुरुषांची प्रार्थना नुसती ऐकू येते, आणि समोर ‘झोगर्के’, म्हणजे वाचता येणारी बाई, इतरजणींना एकेक ओळ यिडिशमध्ये, म्हणजे त्यांच्या घरच्या बोलीत, सांगतेय. मुलगे तीन ते पाच वर्षांचे झाले की शाळेत. मुली जेमतेम वाचायला शिकल्या तर घरीच. पोलंडमधल्या क्राकोमध्ये सारा शेनीरर यांनी मुलींसाठी धार्मिक शाळा काढली ती १९१७ मध्ये.

बाकी बारीकसारीक: लग्न झालेल्या बाईचा रुमाल मानेमागे गाठ मारून, केस पूर्ण झाकलेले, पदर नको. कुमारिकांच्या वेण्या मोकळ्या. परक्या बाईच्या हातात पुरुष वस्तू देत नाही, मेजावर ठेवतो. लग्नात बायका वेगळ्या नाचतात, पुरुष वेगळे. आणि कोकणातल्या बेने इस्राएलींचा, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यूंचा, मलिदा (गोड पोह्यांचा नैवेद्य) यात आणू नका. ती आपल्या मातीतली, निराळी परंपरा आहे.

पहिल्या प्रयोगात मेणबत्त्या लावून झाल्यावर आमच्या पोराने काडी ओढून कंदील लावला होता. तेव्हा कंदील आधीच पेटता ठेवा. विझवणंही चालत नाही, म्हणून अंक संपताना कोणीही मेणबत्तीला फुंकर मारायची नाही. दिवे मंद करत न्या, ज्योती तशाच राहू द्या. पडदा पूर्ण मिटला की मगच विंगेतल्या माणसाने पुढे जायचं.