अल्टरनेटर घरी बदला, पण पट्टा जपून ताणा

नागपुरात मे महिन्यात सकाळी गाडीने सेल्फ घेतला नाही की पहिला खर्च बॅटरीवर होतो. नवी बॅटरीही महिनाभरात उतरते, तेव्हा कुठे अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राकडे लक्ष जातं. जुने मिस्त्री अजूनही त्याला डायनेमोच म्हणतात. बॉनेटखाली आधीच भट्टी पेटलेली, त्यात एसी, ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा एकदम चालू. या दिवसांत त्याच्यावर सगळ्यात जास्त भार असतो.

आधी बॅटरीला मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसतात. इंजिन सुरू केल्यावर 13.8 ते 14.5 हवेत. मग एसी आणि हेडलाइट लावून रेस थोडी वाढवा. आकडा 13 च्या खाली गेला तर चार्जिंग कमी पडतंय. नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे आकडा थोडा वरखाली होणारच.

चालू इंजिनवर बॅटरीचा टर्मिनल काढून ‘गाडी बंद पडते का बघा’ असं सांगणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरमधले डायोड किंवा गाडीचा कॉम्प्युटर उडतो. कार्बुरेटरच्या काळात हे खपून गेलं असेल, आता नाही.

आकडा कमी आला तरी लगेच नवा अल्टरनेटर आणू नका. इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या नटावर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर धरा. फरक 0.2 व्होल्टपेक्षा जास्त असेल तर लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) किंवा वायर गंजली आहे. अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्येही तसंच मोजा. मी अशा दोन गाड्या नुसती लग पॉलिश पेपरने घासून रस्त्यावर आणल्या आहेत. त्यांच्या दोन्ही मालकांना नवा अल्टरनेटर घ्यायला सांगितलं होतं.

बदलायचाच ठरला तर पहाटे, इंजिन गार असताना बसा. बॅटरीचा मायनस सगळ्यात आधी काढा. अल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीहून येते. मायनस जोडलेला असताना पाना तिला आणि बॉडीला एकदम टेकला तर हात भाजतो. मग प्लग, जाड वायर, वरचा ताणाचा बोल्ट सैल, खालचा बिजागरीचा बोल्ट सैल, पट्टा बाहेर, अल्टरनेटर बाहेर. गाडीखाली शिरावं लागलं तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा.

दुकानात जुना सोबत न्या. पुलीच्या खाचा, प्लगच्या पिना आणि बोल्टच्या कानांमधलं अंतर तिथेच जुळवून बघा. नवा ब्रॅकेटमध्ये शिरत नसेल तर ठोकू नका. खालच्या कानातला लोखंडी बुश (बोल्टभोवतीची छोटी नळी) हलक्या हाताने किंचित मागे सरकवला की तो अलगद बसतो.

आता पट्टा. मी पहिला अल्टरनेटर बसवला तेव्हा पट्टा किंचाळू नये म्हणून टॉमी (लोखंडी पहार) घालून कचकचून ताणला होता. आवाज गेला आणि मी खूश झालो. चार महिन्यांनी वर्ध्याहून येताना बुटीबोरीच्या अलीकडे बॉनेटमधून घरघर सुरू झाली. पुलीकडचं बेअरिंग गेलं होतं. माझ्या जुन्या आल्टोत तोच पट्टा वॉटर पंपही फिरवतो, त्यामुळे पंपही गळायला लागला होता. पट्टा सैल राहिला तर उलटं होतं. तो घसरतो, चार्जिंग पडतं, आणि पंप नीट फिरला नाही की 45 अंशांच्या उन्हात इंजिन उकळायला वेळ लागत नाही.

म्हणून टॉमी लावायचीच नाही. हातोडीचा लाकडी दांडा अल्टरनेटरच्या पुढच्या भक्कम भागाला टेकवा. मागचं झाकण आणि पंख्याची पाती यांना तो लागता कामा नये. एकाने दांडा एका हाताच्या जोराने दाबून धरायचा, दुसऱ्याने वरचा बोल्ट आवळायचा. माझ्याकडे हे काम मुलगी करते आणि बोल्ट कधी पुरेसा झाला ते तिला हाताला कळतं. मग दोन पुलींमधल्या सर्वात लांब भागावर अंगठ्याने जोर द्या. माझ्या गाडीत 6 ते 8 मिलिमीटर दबला तर बरोबर. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात बघा. पट्टी लावून मोजा, नुसत्या अंदाजावर सोडू नका. शेवटी खालचा बोल्ट घट्ट करा आणि पुन्हा मोजा, कारण तो आवळताना ताण हमखास बदलतो.

काही गाड्यांत ताणासाठी लांब स्क्रू असतो. तिथे दांडा लागत नाही, पण स्क्रू हलका फिरतो म्हणून जास्त आवळण्याचा मोह होतो. तोही अर्धा-अर्धा फेराच द्या.

किंचाळणाऱ्या पट्ट्याला साबण चोळायचा उपाय सर्रास सांगतात. तो दोन दिवस टिकतो आणि पट्टा कायमचा गुळगुळीत होतो. पट्टा चकाकत असेल किंवा त्याला चिरा गेल्या असतील तर बदला. मी दरवर्षी होळीच्या सुमारास, ऊन तापायच्या आधी, तो उलटा करून बघतो. गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा अल्टरनेटरवर मारू नका आणि वरून ऑइल गळत असेल तर ते आधी थांबवा.

बॅटरी पूर्ण बसली असेल तर आधी चार्जरवर भरून घ्या, नव्या अल्टरनेटरच्या अंगावर टाकू नका. सगळं जोडून मायनस शेवटी लावा. एसी आणि दिवे लावून व्होल्टेज बघा. पट्टा नवा असेल तर पंधरा मिनिटं इंजिन चालवून, गार होऊ देऊन ताण पुन्हा मोजा. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर आणखी एकदा मोजा, नवा पट्टा तेवढ्यात थोडा ढिला पडलेला असतोच.