प्रेअरीतल्या तळ्यांवर बदकांच्या शिकारीला जाताय? या चुका टाळा

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच मिटला. त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी माणसाला ऑफिसातला मित्र विचारतो, "ऑक्टोबरात नॉर्थ डकोटाला बदकांच्या शिकारीला येतोस का? घरच्यांनाही आण," तेव्हा आधी शंका येते ती कायद्याची. तिथे हे कायदेशीर आहे, पण नियमांचं बाड सोबत येतं. त्यानंतर सगळे बंदुकीबद्दल विचारू लागतात. बंदुकीचं नंतर बघू. नेम चुकला म्हणून सहल फसल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. आदल्या संध्याकाळी कोणी दुर्बीण घेऊन बाहेर पडलं नाही, म्हणून फसलेल्या मात्र भरपूर.

प्रेअरीची, म्हणजे या सपाट गवताळ प्रदेशाची, थोडी कल्पना हवी. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हिमनद्या मागे सरकल्या आणि जमिनीत लाखो उथळ खळगे राहिले. त्यांत पाणी साचून झालेली तळी आयोवा-मिनेसोटापासून दोन्ही डकोटांतून वर कॅनडातल्या मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टापर्यंत पसरली आहेत. उत्तर अमेरिकेतली निम्मी-अधिक बदकं इथे अंडी घालतात असं मानतात. मी लिहितोय ते जेम्सटाउन ते डेव्हिल्स लेक या पट्ट्याबद्दल. इथे मैलामैलाच्या चौकोनात कच्चे रस्ते आहेत, मधे कापणी झालेली गहू-मक्याची शेतं आणि प्रत्येक खोलगट जागी पाणकणसांनी वेढलेलं एक तळं.

संध्याकाळची फेरी टाळणं

सात-आठ तास गाडी चालवून लोक मोटेलवर पोचतात, पिझ्झा मागवतात आणि पहाटे नकाशातलं सगळ्यात मोठं तळं गाठतात. मोठं तळं म्हणजे जास्त बदकं, असा हिशोब. प्रत्यक्षात ते रिकामं असतं आणि दोन मैलांवरच्या दीड एकराच्या डबक्यात तीनशे मॅलार्ड (इथली सर्रास दिसणारी रानबदकं) बसलेले असतात. कारण साधं आहे. दुष्काळी वर्षी तळी आटतात, ओल्या वर्षी नवी भरतात. नकाशातली निळी खूण त्या वर्षाचं काहीच सांगत नाही.

दुपारी चारनंतर गाडी काढा आणि अंधार पडेपर्यंत फिरा. बदकं कुठून उठतात, कुठल्या शेतात दाणे टिपायला उतरतात, अंधारताना कुठे परततात, हे लिहून ठेवा. दिसली तिथे थांबू नका, ती कुठे जातात ते बघत मागे जा. घरच्यांना सहलीत सामावून घ्यायची खरी जागा हीच. भारतातून आलेले आई-बाबा, मुलं, पहाटे चिखलात जायची इच्छा नसलेली बायको, सगळे गाडीत बसून दुर्बिणीतून बघू शकतात. नुसतं बघायला परवाना लागत नाही. नांदूर मधमेश्वरला जाणाऱ्यांना काही पाहुणे ओळखीचेही वाटतील. फावड्यासारख्या चोचीचा थापट्या आणि लांब शेपटीचा तलवार बदक या जाती तिथेही हिवाळ्यात येतात. फक्त ते थवे मध्य आशिया-सायबेरियाकडून येतात, डकोटातून नव्हे.

रात्रीच्या मुक्कामावर बार काढणं

संध्याकाळच्या फेरीत एखाद्या तळ्यावर हजारो बदकं उतरताना दिसली, की पहाटे तिथेच जायचा मोह होतो. ती त्यांची रात्रीची वस्तीची जागा असते. तिथे पहाटे दहा बार झाले की सगळा थवा उठतो आणि बहुतेक वेळा तो परिसरच सोडतो. तुमचे पुढचे दिवस गेले, शेजारच्या गटाचेही गेले. त्या तळ्याला हात न लावता, बदकं सकाळी चरायला जातात ते शेत किंवा दुपारी विसावतात ते छोटं डबकं धरा. जुन्या शिकाऱ्यांच्या गटात नवखा माणूस इथेच ओळखू येतो.

कागद आयत्या वेळी बघणं

नॉर्थ डकोटात बाहेरच्या राज्यातल्यांचा पाणपक्ष्यांचा हंगाम स्थानिकांपेक्षा आठवडाभर उशिरा सुरू होतो. परवाना सलग १४ दिवसांचा किंवा ७-७ दिवसांचे दोन तुकडे करून मिळतो. साउथ डकोटात तर बाहेरच्यांना सोडतीत नाव लागावं लागतं, म्हणून "तिथे नाही तर इथे" असं ऐनवेळी जमत नाही. ३१ डिसेंबर १९६१ नंतर जन्मलेल्याला शिकार-सुरक्षेचा कोर्स केल्याचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला केंद्र सरकारचा २५ डॉलरचा 'डक स्टॅम्प'. छापील स्टॅम्प घेतलात तर त्यावर शाईने सही करा, बिनसहीचा चालत नाही. १९३४ पासून चालत आलेल्या या स्टॅम्पच्या पैशातून तळी आणि गवताळ जमीन विकत घेतली जाते, आणि त्यातल्या बऱ्याच जमिनीवर तुम्हीच उद्या शिकार करणार असता. हे पैसे द्यायला मला कधी जड वाटत नाही.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट जास्त महत्त्वाची. एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना जवळ असणं हा त्यातला अपवाद. म्हणजे मित्राने "धर रे, एक बार काढून बघ" म्हटलं, तरी परवाना नसताना बंदुकीला हात लावायचा नाही. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला आधी विचारा. ग्रीन कार्डच्या रांगेत असताना असली भानगड कोणाला हवी आहे?

काडतुसंही तपासा. पाणपक्ष्यांसाठी शिशाच्या छर्‍यांवर अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंदी आहे. पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. पोलादी किंवा मान्यताप्राप्त बिनविषारी छर्रेच चालतात. जुन्या जॅकेटच्या खिशात राहिलेलं एखादं शिशाचं काडतूसही वॉर्डनला पुरतं. बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावतील असा अडसरही बसवलेला हवा. आजोबांची जुनी शॉटगन कोणी दिली, तर तिची नळी पोलादी छर्‍यांना चालते का, हे बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घ्या.

शेतकऱ्याला गृहीत धरणं

सरकारी पाणपक्षी क्षेत्रं आणि पिवळ्या त्रिकोणी पाट्यांची 'प्लॉट्स' जमीन (मालकांनी शिकाऱ्यांना खुली केलेली खाजगी जमीन) बहुतेक काळ खुली असते. बाकी खाजगी जमिनीचं गणित राज्यागणिक बदलतं. नॉर्थ डकोटात मनाई नसलेल्या जमिनीत पूर्वापार जाता येतं, पण २०२१ च्या कायद्याने मालकाला ही मनाई ऑनलाइनही नोंदवता येते. म्हणजे कुंपणाला पाटी नाही म्हणून जमीन मोकळी, असं समजू नका. फोनमधला नकाशा आधीच उतरवून घ्या, तिथे नेटवर्क दगा देतं. उभ्या पिकात, मग ते सूर्यफूल असो की मका, परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही.

खरं तर सरळ दार वाजवावं. अंगावरचे चट्ट्यापट्ट्यांचे कपडे काढून, साध्या शर्टात, मुलाला सोबत घेऊन. "गाडी कुठे लावू? कुठल्या बाजूने जाऊ?" एवढं विचारलं की निम्मं काम होतं. पाऊस झाला असेल तर शेतात गाडी घालू नका, चाकोऱ्या वर्षभर राहतात. कोरडं असेल तर वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका. गाडीखालच्या तापलेल्या भागांमुळे गवत पेटतं आणि प्रेअरीत वाऱ्यावरची आग कोणाच्या हातात राहत नाही.

बदकं घिरट्या घालतात, पण उतरत नाहीत

सर्वात जास्त वैताग आणणारी अडचण ही, आणि तिची कारणं बहुतेक वेळा जमिनीवर असतात.

आधी वारा बघा. बदक वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उतरतं. वारा तुमच्या पाठीवर किंवा थोडा तिरका हवा. रात्रीत वारा फिरला असेल तर कालची जागा आज निरुपयोगी. "इथे लपायचा खड्डा चांगला आहे" म्हणून अडून बसू नका, उठा आणि तळ्याच्या दुसऱ्या काठाला जा.

मग पाण्यावरची प्लॅस्टिकची बदकं, म्हणजे डिकॉय. नवखे ती सरळ रांगेत किंवा सगळ्या पाण्यावर सारखी पसरतात. मग खरी बदकं उतरणार कुठे? दोन झुबके करा आणि मधे वीसेक पावलांची मोकळी जागा तुमच्या समोर येईल अशी ठेवा. सगळ्यात लांबचा डिकॉय पस्तीस पावलांवर. त्याच्या पलीकडचं बदक म्हणजे बार नाही, हा नियम गटात आधीच ठरवून टाका. वारा पडलेला असेल तर पाणी आरशासारखं होतं आणि निश्चल डिकॉय लगेच खोटे वाटतात. एका डिकॉयला दोरी बांधून मधूनमधून ओढा, तेवढ्या लाटा पुरतात.

तरीही थवा वळून जातोय? मग एकाला तळ्याच्या पलीकडे पाठवून तुमच्याकडे बघायला सांगा. मागे एकदा असं बघायला गेलेल्या मित्राला सगळ्यात आधी दिसले ते पाणकणसातून वर वळलेले तीन गोरे-सावळे चेहरे, आणि त्यांच्यापुढे चिखलात पडलेली उडालेल्या काडतुसांची लाल टरफलं. डोक्यावरून बदकं जाताना मान वर करण्याचा मोह आवरत नाही, आणि वरून चेहरा चमकतो. टोपीची झडप खाली, नजर तिच्याखालून. टरफलं उचला. आणि बदकांची हाक काढायची शिटी सतत वाजवू नका. थवा तुमच्याकडे तोंड करून येत असेल तर गप्प बसा, पाठ फिरवली तर हळूच हाक द्या.

ओळखण्याआधी बार

वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तापर्यंत. ऑक्टोबरच्या मध्यात जेम्सटाउनला सूर्य पावणेआठनंतर उगवतो, म्हणजे पहिल्या बाराच्या वेळी जेमतेम उजाडलेलं असतं. त्यात हंगामाच्या सुरुवातीला नरांची रंगीत पिसं पुरती आलेली नसतात, सगळीच तपकिरी. नॉर्थ डकोटात दिवसाला ६ बदकं, पण त्यात मॅलार्डच्या माद्या दोनच, आणि काही जातींची मर्यादा त्याहून कडक. हे आकडे दरवर्षी बदलू शकतात, त्या वर्षीचं पत्रक बघाच. पहिली पंधरा मिनिटं नुसती बघण्यात घालवा. मॅलार्डच्या पंखावर दोन्हीकडे पांढऱ्या कडा असलेला निळा पट्टा, गॅडवॉलच्या पंखावर पांढरा चौकोन. एवढं डोळ्यांत बसलं की बरंच सोपं होतं.

गटात कोणी कुठल्या बाजूला बार काढायचा हे अंधारातच ठरवा. डावीकडच्याने डावीकडे, उजवीकडच्याने उजवीकडे, डोक्याच्या खाली कोणीच नाही. पडलेलं बदक आणायला लॅब्रॅडॉर कुत्रा पाण्यात उतरला की सगळ्यांच्या बंदुका खाली. पोरांना एका वेळी एकच काडतूस द्या.

चिखल आणि थंडी हलक्यात घेणं

तळं मांडीएवढं खोल दिसतं, पण तळाला गुडघाभर काळा गाळ असतो. काठी टेकत चला आणि छातीपर्यंतच्या रबरी पँटवर कमरेचा पट्टा घट्ट बांधा, म्हणजे पडलात तरी पाणी झपाट्याने आत शिरत नाही. पाय रुतला तर ओढाताण न करता पुढे झुकून गुडघा आधी सोडवा.

मॅनिटोबा विद्यापीठातले थंडीचे अभ्यासक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी १-१०-१ चा हिशोब रूढ केला. बर्फगार पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण एक तास. मिळालेली दहा मिनिटं बंदूक किंवा डिकॉय वाचवण्यात घालवू नका, काठावर या. कोरड्या कपड्यांची पिशवी गाडीत राहू द्या आणि गाडीची किल्ली कुठे आहे हे दोघांना माहीत असू द्या.

सगळ्यांची बदकं एका ढिगात

घरच्यांसोबत गेल्यावर हमखास होणारी चूक. आपल्याकडे सगळं सामाईक, म्हणून बदकंही एका पोत्यात. इथे प्रत्येकाने आपली वेगळी ठेवायची. मित्राचा कोटा मी भरणं बेकायदा. लवकर परतणाऱ्याने आपली बदकं दुसऱ्याकडे ठेवली, तर त्यावर नाव, पत्ता, सही, जाती, संख्या आणि तारीख असलेली चिठ्ठी हवी. घरी नेईपर्यंत प्रत्येक पक्ष्याला डोकं किंवा एक पिसांसह पंख राहू द्यायचा. मोटेलच्या बाथरूममध्ये साफसफाई नको, पिसं महिनाभर निघत राहतात. अनेक गावांतल्या मोटेलना त्यासाठी वेगळी खोली असते, आधी विचारा. बर्ड फ्लूमुळे हातमोजे घाला आणि आधीच आजारी दिसणारं बदक घेऊ नका.

कोंबडीसारखं शिजवणं

रानबदक म्हणजे ब्रॉयलर नव्हे. सगळं एकत्र कुकरला लावलं की छाती चामड्यासारखी होते. गरम बदकं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. लगेच साफ करून थंड करा, निम्मा उग्रपणा तिथेच जातो. छातीचे पातळ काप करून आलं-लसूण, दही लावा आणि तापलेल्या तव्यावर झटपट परता. सरकारी सल्ला ७४ अंश सेल्सिअसचा आहे, पातळ काप तिथवर पोचूनही मऊ राहतात. तंगड्यांचा कोल्हापुरी रस्सा करा, पण मंद आचेवर दोन-अडीच तास. आणि ताटात वाढण्याआधी मांस बोटांनी चाचपून घ्या. पोलादी छर्रा दाताखाली आला तर दात जातो, आणि दाताच्या डॉक्टरचं बिल परवाना, स्टॅम्प आणि पेट्रोल यांच्या बेरजेहून जास्त येतं.