टाकीतले मासे एकाएकी तडफडायला लागले तर

आमच्या हॉलमधली काचेची टाकी मुलाची. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि टाकी, फिल्टर, अकरा मासे आणि "आई, रोज चिमूटभरच घाल हां" एवढी ताकीद माझ्याकडे राहिली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पाणी मावतं पन्नास लिटर. गोव्यात, डिचोलीत आमच्या परसात विहीर आहे, त्यामुळे पाण्याची काळजी मी कधी केलीच नाही.

मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. आदल्या रात्री पाऊस, वीज गेली ती पहाटेच आली. फिल्टर सुरू झाला आणि त्यातून तपकिरी पाणी भसकन टाकीत पडलं. थोड्या वेळाने बघते तर सगळे मासे वर येऊन तोंडं उघडताहेत. मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही: टाकी पुरती उपसली, नळाची नळी लावली आणि काठोकाठ ताजं पाणी भरलं. दुपारपर्यंत सात मासे गेले. चवथीत घरात नुस्तं, म्हणजे मासळी, वर्ज्य, आणि मी गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून मेलेले मासे गाळणीने काढतेय! दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली, पण घालायची कोणाला?

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. बाटली उघडायच्या आधी किती मासे बिघडलेत ते मोजा. सगळे मासे एकाच वेळी बिघडले तर दोष पाण्यात. आज एक, परवा दुसरा असे बिघडले तर रोग. रोग दबकत येतो, पाणी एका रात्रीत मारतं.

सगळेच वर येऊन हपापत असतील तर टाकीतला दिवा बंद करा, खाऊ बंद करा आणि हवा वाढवा. पंप असेल तर तो, वीज नसेल तर तांब्या. तांब्याने टाकीतलंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून हळू ओतायचं, पाच-सात मिनिटं, मग थोडं थांबून परत. हात दुखतात पण उपयोग होतो, कारण प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभाग हलला की. मे महिन्यात याची गरज जास्त लागते: २५ अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. तेव्हा टाकीचं झाकण काढून टेबलफॅन पाण्यावरून फिरवा. बर्फ टाकू नका, तो दुसरा धक्का.

मग आठवा, कालपासून घरात वेगळं काय झालं? भिंतीला रंग दिला? डासांचं लिक्विड टाकीशेजारच्या प्लगला लावलं? हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. डासांच्या औषधात बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड जातीचं द्रव्य असतं. आपल्याला ते जाणवतही नाही, माशांना अगदी थोडंही बाधतं. पाहुणे येतात, डास चावतात, कोणीतरी आपुलकीने मशीन लावतं. आमच्याकडे आता पाहुण्यांना मच्छरदाणी मिळते. गल्लीत धुराची गाडी आली तर पंप बंद करून टाकीवर ओला टॉवेल टाका, धूर ओसरला की लगेच काढा.

आता पाणी बदलायचं. पुरं नाही, पाव भाग. याचं कारण मला फार उशिरा कळलं. आपल्याकडे जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आणि किंचित आम्ल असतं. माशांच्या घाणीने टाकी महिनोन् महिने आणखी आम्ल होत जाते, आणि मऊ पाण्याला ते सांभाळायची ताकद नसते. आम्ल पाण्यात अमोनिया साचला तरी बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. त्यात एकदम नळाचं, जास्त पीएचचं, म्हणजे कमी आम्ल, पाणी ओतलं की तोच अमोनिया विषारी होतो. पीएच एकाने चढला तर विषारी भाग साधारण दहापट. माझ्या टाकीत पाणी सगळं बदललं तरी वाळूत आणि फिल्टरात घाण होतीच. वर नळाच्या पाण्यातला क्लोरीन थेट कल्ल्यांवर. म्हणजे जे मासे वीज गेल्याने मेले नसते ते मी मारले.

तेव्हा पाव टाकी काढा आणि तेवढंच तयार पाणी घाला. नळाचं असेल तर आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून त्यात पंपाच्या नळीला लावलेला, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड सोडून ठेवा. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात, ते बाटलीवरच्या मापाने. विहिरीचं असलं तरी ताजं उपसलेलं घालू नका. त्यात प्राणवायू कमी असतो, तेही रात्रभर हलतं ठेवा. थर्मामीटर दोन्हीकडे बुडवून बघा, दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. अमोनियाच्या तपासणीचे थेंब घरात ठेवाच. परीक्षानळीतलं पाणी पिवळं राहिलं पाहिजे, हिरवट झालं तर दुसऱ्या दिवशी परत पाव टाकी बदला.

वीज काही तास गेली असेल तर फिल्टर तसाच सुरू करू नका. आतले उपयोगी जिवाणू प्राणवायूविना मरतात आणि कुजका गाळ टाकीत येतो, तोच माझा तपकिरी फवारा. स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळा, नळाखाली नको, मग लावा.

कधी मॉली जातीचा एखादाच मासा बिघडतो. ती जागच्या जागी अंग थरथरवत राहते, पुढेही जात नाही, मागेही नाही, जणू थंडी भरलीय. हा बहुतेक वेळा मऊ पाण्याचा त्रास. मॉलीला कठीण पाणी लागतं. माझा उपाय स्वयंपाकघरातला: तिसऱ्या खाल्ल्या की शिंपल्या ब्रशने घासायच्या, मांसाचा कण राहू द्यायचा नाही, उकळायच्या, उन्हात वाळवायच्या, जरा फोडून मूठभर जाळीच्या पिशवीत फिल्टरशेजारी सोडायच्या. चुना हळूहळू विरघळतो, पाणी सावरतं. निऑन टेट्रा जातीचे मासे असतील तर करू नका, त्यांना मऊच पाणी मानवतं. दोघांना एका टाकीत ठेवायची चूक मुलाची, त्याला फोनवर ऐकवून झालंय.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले आणि मासा दगडाला अंग घासतोय, तर तो खरा रोग, तेव्हा बाटली उघडा. औषध एकच, दोन मिसळू नका. मासा वेगळ्या टबात काढला तरी औषध मूळ टाकीतही लागतं, कारण तो जीव तळात वाढतो.

धक्क्यातून उठलेल्या माशांना मीठ मानवतं: लिटरला एक ग्रॅम, म्हणजे माझ्या टाकीला पन्नास, काट्यावर मोजून. आगरवाड्याच्या मिठागरातलं खडेमीठ मी वेगळ्या भांड्यात विरघळवून, फडक्याने गाळूनच घालते, त्यात माती असते. कोरीडोरस किंवा लोच हे तळाशी राहणारे मासे असतील तर मीठ टाळा. पाणी वाफेने कमी झालं तर वरून साधंच पाणी घाला, मीठ उडून जात नाही. खाऊ दोन दिवस नाही, मग चिमटीच्याही निम्मा.

गेलेला मासा माडाच्या आळ्यात पुरा. वाचलेले नकोसे झाले तर ओळखीच्या टाकीवाल्याला द्या, तळीत किंवा व्हाळात सोडू नका. टाकीतून काढलेलं मिठाचं पाणीही माडालाच घाला, त्याला चालतं. तुळशीला मी एकदा घातलं होतं.