विंडोज १० वरून ११ वर कधी जावं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित मोफत आधार संपला. त्या दिवशी कोणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही, म्हणून तर अनेकजण अजून निर्धास्त आहेत. मशीन नेहमीसारखं चालतं. फक्त नव्याने सापडणारी सुरक्षेची भोकं बुजवणारं कोणी उरत नाही. म्हणजे जायचं आहेच. दिवस मात्र आपण ठरवायचा.

आधी दोन अपडेटमधला फरक ओळखा. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी (आपल्याकडे बहुधा रात्री किंवा बुधवारी) येतं ते सुरक्षेचं अपडेट. ते टाळू नका. पूर्ण नवी आवृत्ती येते ती गोष्ट वेगळी, तिथे थांबण्यात शहाणपण आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती आली आणि काही लोकांच्या फायलीच पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच तिचं वाटप थांबवलं आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा दिली. पहिल्या आठवड्यात उडी मारणाऱ्यांनी किंमत मोजली, महिनाभर थांबलेल्यांना काही कळलंही नाही. विंडोज ११ तर ऑक्टोबर २०२१ पासून आहे, त्यामुळे तिच्यासाठी आता थांबायचं कारण नाही. तिच्या दरवर्षीच्या नव्या आवृत्तीला मात्र हाच नियम लावा.

मशीन झेपेल का ते पाहा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप चालवा. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. कागदोपत्री ४ जीबी पुरते, पण वापरायला ८ हवीच. टीपीएम नाही असं आलं तर लगेच नवा कॉम्प्युटर घ्यायला धावू नका. अनेकदा ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, नुसतं बंद असतं. इंटेलवर त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीवर एफटीपीएम. लॅपटॉपमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

मशीन खरंच जुनं असेल तर विंडोज १० ची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ती फुकट मिळते. इंटरनेट, ईमेल एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिमही चालेल. अटी चुकवून विंडोज ११ बसवायच्या युक्त्या मात्र घरच्या मशीनवर करू नयेत असं मला वाटतं.

जुन्या सोबत्यांची यादी करा. प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचा टोकन, डोंगलवर चालणारं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. अडतं ते इथेच. प्रत्येकाच्या कंपनीकडे विंडोज ११ चा ड्रायव्हर (ते उपकरण विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) आहे का ते आधी बघा. टोकन चालेना आणि रिटर्नची शेवटची तारीख उद्या, ही वेळ नको.

बॅकअप. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, मग डिस्क काढून दुसऱ्या मशीनवर दोनचार फायली उघडून पाहा. उघडून न पाहिलेला बॅकअप धरू नका.

मग दिवस निवडा. परीक्षा, ऑनलाइन अर्ज, कर भरण्याचे दिवस सोडा. तुमच्याकडे ज्या वारी दुरुस्तीसाठी वीज जाते तो वारही सोडा. लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉपला यूपीएस किंवा इन्व्हर्टर हवा. शनिवारी सकाळी सुरू करा, म्हणजे बिघडलं तर रविवार हाताशी राहतो.

झाल्यावर दहा दिवस मोजा. तेवढ्या मुदतीत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथल्या 'गो बॅक'ने जुन्या विंडोजवर परत जाता येतं. म्हणून त्या दहा दिवसांत प्रिंटरपासून टोकनपर्यंत सगळं एकदा चालवून बघा आणि 'विंडोज.ओल्ड' नावाचं फोल्डर जागा खातंय म्हणून उडवू नका.